कॉटखालची काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. पीठ मळायची लाकडी परात म्हणा हवं तर. पण परात म्हटलेलं मला आवडत नाही. कळंबच्या सुतारानं मला कडुलिंबाच्या ओंडक्यातून कोरलं. जगदेवीबाई लग्न होऊन या घरी आल्या, तेव्हा मीही त्यांच्यासोबत आले. त्या मांडी घालून बसायच्या, मला पुढ्यात ओढायच्या आणि ज्वारीची भाकरी अशी थापायच्या, की सोयरे मुद्दाम जेवायच्या वेळेला टपकायचे!

मग संधिवातानं त्यांचे गुडघे धरले. दोन्ही बदलले. ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर म्हणाले, "चाला, फिरा, फक्त खाली बसू नका." पण घरच्यांनी धसका घेतला आणि त्यांना स्वयंपाकघराकडं फिरकूच दिलं नाही. मुलगा नंदीश यानं तर मला कॉटखाली सरकवलं, आईला मोह नको म्हणून. वर त्या, खाली मी. दोघीही अडकलो.

भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "लई नशीबवान बाई! आता बसून खायचं." त्या गेल्या की जगदेवीबाई भिंतीकडं तोंड करायच्या. ताट निम्मं परत जायचं. गुडघे दुखत नव्हते, तरी त्या रडायच्या. मला सगळं ऐकू यायचं आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. कोरडी पडून मला तडासुद्धा गेला.

एका दुपारी त्यांनी काठीनं मला बाहेर ओढलं. कॉटची कड धरून त्या खाली बसणार, तेवढ्यात सून वैष्णवी धावली.

"अवो आत्या, काय करताय! गुडघा दुखतोय का?"

"गुडघ्याचं इचारू नगंस गं. गुडघा बरा हाय. मीच कुणाच्या कामाची राहिले न्हाय. ह्या कॉटवर जीव गुदमरतो माझा."

वैष्णवीनं मला उचलून धुतलं, ओट्यावर ठेवलं आणि शेजारी उंच स्टूल मांडलं.

"या. तुमचे चिरंजीव रोज नाक मुरडत्यात माझ्या भाकरीला. तुम्हीच बघा आता."

पहिली भाकरी तव्यावर टाकताना तुटली. जगदेवीबाई चिडल्या, ओट्याला शिव्या घातल्या आणि दुसरी थापायला घेतली. कितीतरी दिवसांनी घरात त्यांचा आवाज चढला होता.

अजूनही एखाद्या दिवशी त्या भिंतीकडं तोंड करून पडतात. मग वैष्णवी शेजारी बसते, ऐकून घेते आणि हळूच ओट्याकडं घेऊन येते.

मित्रांनो, जपायचं म्हणून मला कॉटखाली ठेवू नका. माझ्यात पीठ घाला. आणि कॉटवर जे कुणी असेल, त्यालाही हात देऊन ओट्यापर्यंत आणा.