कोळंबीचं पाणी

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं शेवाळ दोन महिन्यांत हटलं नाही, तर मासे दुकानदाराला परत द्यायचे, असं नवऱ्याने निक्षून सांगितलं होतं. तिने टाकीचा दिवा कमी वेळ लावला, पाणी बदललं, काच घासून घासून हात दुखवून घेतले. तरी दर चाचणीत पाण्यात शेवाळाला पोसणारं फॉस्फेट जास्तच यायचं.

एका सकाळी तिने सासूबाईंना माशांना खायला घालताना पाहिलं. गोठवलेली कोळंबी वाटीत वितळवून त्यांनी खालचं पाणीही टाकीत ओतलं.

"अहो आई, ते पाणी कशाला?"

"फेकून कशाला द्यायचं? सगळं सत्त्व त्यातच तर असतं!"

तिने वाटीत उरलेलं पाणी तपासलं. चाचणीच्या नळीत भरपूर फॉस्फेट दाखवणारा गडद निळा रंग उतरला.

"सत्त्व आहे खरं. पण ते मासे नाही, शेवाळ खातंय."

"मेलं आयतं खाऊन माजलंय होय!" सासूबाईंनी त्या दिवसापासून कोळंबी गाळणीत धुवायला घेतली.

दोन महिने भरले तेव्हा दगडांवर हिरवी झाक तेवढी उरली होती. नवरा काचेला नाक लावून बसला होता.

"मग, दुकानदाराला काय कळवू?" तिने धीर करून विचारलं.

"काही नको. रमलेत गं इथे."

तिने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.