केसरबाईच्या चंचीतली डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची डबी आहे, मिश्रीची. नाक मुरडू नका. माजलगावच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि केसरबाईच्या आईने मला लेकीबरोबर सासरी, चकलांब्याला पाठवलं.

केसरबाईचा दरारा असा, की ती ओट्यावर आली की कुत्रीसुद्धा अंग चोरायची. मला मात्र तिने कधी भुईवर ठेवलं नाही. कमरेच्या चंचीत माझी जागा. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, कुटायची, माझ्यात भरायची आणि सकाळी दातांना घासायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "मावशी, बोटभर द्या की!"

"घे फुकटे!" म्हणत ती मला पुढे करायची. मला वाटायचं, हिला पोटच्या लेकरांपेक्षा मीच जवळची.

मागच्या वर्षी गावच्या शाळेत बायांच्या तोंडाची तपासणी झाली. गावची आशाताई अंजू हिने बॅटरी लावून केसरबाईच्या तोंडात पाहिलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. तो कर्करोगाचा आहे का, हे बीडच्या दवाखान्यात कळणार होतं. तारीख मिळाली.

त्या सकाळी केसरबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं. डॉक्टरला घाण तोंड कसं दाखवायचं, म्हणून एसटीत बसण्याआधी मिश्री चांगली रगडून रगडून घासली. डॉक्टरीणबाईंना त्या काळ्या तोंडात काही धड दिसेना. "आजी, मिश्री बंद करा आणि पुढच्या आठवड्यात या," एवढंच त्या म्हणाल्या.

केसरबाई तणतणत घरी आली. "चार लोकांत माझं तोंड काळं म्हणली! न्हाई जात मी आता."

सून वनमाला भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, तारीख चुकली तर?"

"तुला लई घाई झालीय माझ्या तेराव्याची!"

चट्टा चुरचुरला की ती त्यावर माझीच मिश्री दाबून धरायची. मीही फुशारायची, की मी औषध आहे!

तारखेच्या आदल्या दिवशी अंजू आली. केसरबाई म्हणाली, "तोंड घासूनच गेलते की मी."

"मावशी, घरात चोर शिरला, अन् पावलं दिसू ने म्हणून तुमीच अंगण सारवलं. आता पोलिसानं काय बघावं?"

वनमालाने पदर तोंडात कोंबला. केसरबाईने डोळे वटारले. "चोर कोन गं?" तिने विचारलं.

अंजूने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आईनं दिलेली हाय ती."

"आईला तरी कुठं ठाऊक होतं, मावशी?"

केसरबाई उठली. उकिरड्यावर तिने मला पालथं करून रिकामं केलं. "गद्दार निघालीस," म्हणाली आणि सरपणावर फेकून दिलं.

मित्रांनो, मी गद्दार? माझ्या पोटात काय भरलंय, हे मला तरी कोणी सांगितलं होतं? उभा जन्म मी तिच्या कमरेला राहिले, आणि शेवटी मलाच चोर ठरवलं!

दुसऱ्या दिवशी ती नुसत्या चुळा भरून गेली. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासला. रोग होता, पण सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. गालाचा थोडा भाग गेला, जीभ मात्र शाबूत आहे. शिव्या पूर्वीसारख्याच खणखणीत येतात. आता फेरतपासणीच्या दिवशी तीच ओरडते, "वनमाला, आटप, एसटी जाईल!"

वनमालाने मला चिंचेने घासून फळीवर ठेवलंय. केसरबाई येता-जाता बघते, हात लावत नाही.

मी पितळेची. जे भराल ते सांभाळीन, विष असलं तरी. तेव्हा तुमच्या आजीच्या डबीत काय आहे ते बघा. तिच्या तोंडात चट्टा असेल, दवाखान्याची तारीख असेल, तर रुसू देऊ नका, हाताला धरून न्या. आणि मिश्री न लावता, तोंड आहे तसंच न्या.

माझं काय! तिची शिवी कानावर येते तोवर मी रिकामीच बरी.