फ्लॅट ३०४ची अपुरी नोंद

मित्रांनो, मी एक जुना गॅझेटियर आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. गॅझेटियर म्हणजे गावोगावची माहिती देणारा ग्रंथ. माझ्या पोटात स्कॉटलंडमधली खेडी आहेत. एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला तिकडे पॅरिश म्हणतात. पूर्वेला ओढा कोणता, पिठाची चक्की कुठे, चर्चमध्ये किती माणसे बसतात, पोस्ट किती मैलांवर, हे सारे मी सव्वाशे वर्षे इमानाने सांगत आलो.

मला दुबईत फ्रेझरसाहेबांनी आणले. किर्कनेरी पॅरिशचे पान ते रोज जेवणानंतर उघडून बसत. ते त्यांचे गाव. पण २००६ साली निवृत्त होऊन त्याच गावाला निघाले, तेव्हा ‘हे सगळं आता इंटरनेटवर मिळतं’ असे म्हणून त्यांनी मला ऑफिसातल्या प्रकाशरावांच्या हाती दिले. त्यांचे गाव माझ्या पोटात, आणि मीच मागे. हा मला मिळालेला पहिला दगा.

प्रकाशरावांचे घर अल कुसैसला, तिसऱ्या मजल्यावर, फ्लॅट ३०४. त्यांची मुलगी शुभ्रा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने मला उलटसुलट चाळले आणि विचारले, “बाबा, कॅन आय राइट इन धिस?”

“मागच्या कोऱ्या पानांवर लिही. पेन्सिलनेच हं!”

आणि पोरीने अगदी माझ्या थाटात इमारतीचा गॅझेटियर लिहायला घेतला! ‘पूर्वेला शारजा. तिकडे जाणाऱ्या गाड्या हलत नाहीत. जिन्यातले मुख्य उत्पन्न, बिर्याणीचा वास. फ्लॅट ३०३ : माणसे पाच, त्यांत कुलसुम सर्वोत्तम.’ कुलसुम ही समोरच्या घरातली तिची मैत्रीण. दोघींची स्कूल बस एक, डबा एक आणि भांडणेही रोजची. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला वाचणारे भेटले होते, माझ्यात लिहिणारे कोणी भेटले नव्हते. मी खूप सुखात होतो.

मग २००८ची मंदी आली. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. शुभ्रा नोंदी खोडू लागली. ‘२०१ : रिकामा. ४०२ : रिकामा.’ पुढच्या मार्चमध्ये प्रकाशरावांची नोकरी गेली. नोकरीबरोबर व्हिसाही गेला, महिन्याभरात देश सोडायचा होता. ते बायकोला, साधनाताईंना, हळू आवाजात म्हणाले, “शुभ्राला सांगू नकोस. बसमध्ये बोलेल, खलास, अख्ख्या बिल्डिंगला कळेल.”

“अहो, पण तिची कुलसुम?”

“पुण्यात नवीन मैत्रिणी मिळतील.”

शुभ्राला सांगितले, पंधरा दिवसांची सुट्टी आहे. निघायच्या सकाळी ती घाईघाईने लिहू लागली. ‘फ्लॅट ३०४ : माणसे तीन. पंधरा दिवसांसाठी पुण्याला. कुलसुम, मी परत आल्यावर’ एवढे लिहिते तोच खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. तिने पेन्सिल माझ्यात खुणेला ठेवली.

त्याच वेळी साधनाताई देव्हाऱ्यातले देव मऊ फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवत होत्या. दर सुट्टीत देव इथेच राहत आणि वरच्या मजल्यावरच्या बाई दिवा लावून जात. पंधरा दिवसांसाठी देव्हारा कोणी रिकामा करते का? मी काय ते समजलो. शुभ्रा मात्र दारातून मला टाटा करत होती. त्यांनी देव नेले, लोणच्याची बरणी नेली. मला नेले नाही.

सोळाव्या दिवसापासून कुलसुम इमारतीचा रखवालदार मोहिद्दीन याला रोज विचारू लागली, “चाचा, ३०४वाले आए?”

“आ जाएंगे बेटी, इन्शाल्ला.”

महिन्याने माणसे आली आणि त्यांनी गाद्या, फ्रीज, सारे खाली नेले. मोहिद्दीनने मला तेवढे बाजूला काढले. कुलसुमने त्याच्या टेबलावर मला उघडले, तीच पेन्सिल उचलली आणि त्या अर्ध्या वाक्याखाली जोर लावून एकच शब्द लिहिला, ‘लायर’. वर्षभरात तीही गेली, कुठे ते मोहिद्दीनलाही ठाऊक नाही. मी त्याच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलो.

तिथे मला किर्कनेरीचे पान आठवे. ‘लोकसंख्या ४१२, पुढे ९६. कुटुंबे अन्यत्र गेली.’ त्यांना कोणी घालवले, त्यांच्या मुलांना काय सांगितले, ते मी कधी लिहिले नाही. इमानाचा तोरा मिरवणारा मीसुद्धा त्यातलाच.

बारा वर्षांनी शुभ्रा जुनी इमारत बघायला आली. आता ती अबुधाबीला नोकरी करते. मोहिद्दीनने मला झटकून तिच्या हाती दिले. ती हसत हसत पाने उलटत गेली आणि त्या शब्दापाशी थांबली. मग तिने फोन लावला.

“बाबा, आपण परत येणार नाही, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?”

“तू लहान होतीस गं.”

“ती पण लहान होती, बाबा.”

मित्रांनो, घर सोडावे लागले तर सोडा. माझ्यासारखे जड ओझेही मागे ठेवा, मी रागावेन आणि राहीन. पण निघण्याआधी लहानांना खरे सांगा आणि त्यांना निरोप घेऊ द्या. शुभ्राने मोहिद्दीनकडून पेन्सिल मागून घेतली आणि कुलसुमच्या शब्दाखाली लिहिले, ‘मला माहीत नव्हतं.’ ते वाचायला कुलसुम कुठे आहे, याची नोंद माझ्याकडे नाही.