वरच्या मजल्यावरची वाळू

मांजर माझं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी वरच्या मजल्याची बाजू घ्यायला नको.

पाचव्या महिन्यात माझं सगळं संपलं आणि मी दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आले, त्यानंतर थोड्याच दिवसांत ती आली. तेव्हा मांजर कसलं, हाडांवर ओढलेलं कातडं होतं. मी घरी कपडे शिवते. मशीनशेजारी कापडाचे तुकडे टाकायचा खोका असतो, त्यात ती येऊन झोपली. काळे, पांढरे, तांबूस, असे ठिगळासारखे तुकडे तिच्या अंगावरही होते, म्हणून तिचं नाव चिंधी. पोट मात्र टम्म फुगलेलं. मला वाटलं गाभण आहे, आणि खरं सांगते, मला तिचाही राग आला.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "पिल्लं नाहीत, जंत आहेत." शेपटीखाली भाताच्या शितांसारखं काहीतरी चिकटलं होतं आणि ते वळवळत होतं. तेही जंतांचेच तुकडे, पिसवा चाटताना पोटात जाणाऱ्या दुसऱ्या जातीचे. रस्त्यावरच्या बहुतेक मांजरांची हीच गत असते म्हणे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पिसवांचं औषध मानेवर टाकलं आणि मला बजावलं, की हात साबणाने धूत जा, हिची घाण उघडी पडू देऊ नका, यातलं बरंच काही माणसांनाही लागतं. मी हात धुतले, घाण पुरली, तिला टॉवेलात गुंडाळून घशात गोळ्या घातल्या. मनगटावर अजून वण आहेत. हळूहळू पोट बसलं, केसांवर चमक आली, आणि मी शिवायला बसले की माझ्या पावलावर हनुवटी टेकून ती झोपायला लागली. मी दिवसभर तिच्याशी बोलायचे. जे नवऱ्याला सांगितलं नाही, तेही तिला सांगितलं. नवरा चिडवायचा, "आमच्या वाट्याला मांजराचं उरलंसुरलंच येतं."

मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायला आली. हळू बोलणारी, नीटनेटकी, चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवणारी. सासूबाईंना ती पहिल्याच आठवड्यात आवडली. मला त्यासाठी वर्षं लागली होती आणि अजूनही सगळे कागद मंजूर झालेत असं नाही. तिच्याशी वाईट वागायला कारण मिळेना, म्हणून मी मोजकंच बोलायचे. "जेवलीस का?" "झोप झाली का?" एवढंच.

एक दिवस चिंधी दुपारी आली नाही. संध्याकाळी जिन्यावरून उतरली ती मिशा चाटत. दुसऱ्या दिवशीही तेच. वर जाऊन बघते तर धाकटीच्या मांडीवर बाईसाहेब पसरलेल्या, समोर बशीत उकडलेल्या माशाचे काटे.

"ताई, बघा ना, राणी किती लाडात आलीय."

राणी! जंत काढले मी, पिसवा मारल्या मी, ओरबाडून घेतलं मी, आणि आता चकचकीत झाल्यावर ही राणी झाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी "चिंधी, चल" म्हणून हाक मारली. चिंधीने एक कान हलवला आणि डोळे मिटून घेतले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काही दिवसांत वरच्या गॅलरीत वाळूचा ट्रेही आला, म्हणजे आता तेवढ्या कामासाठीसुद्धा खाली यायची गरज उरली नाही.

आणि त्यातच धाकटीला दिवस गेले.

सगळे खूश झाले. मीही झाले, चेहऱ्याने. पण मशीनवर बसले आणि पावलाजवळची जागा रिकामी दिसली तेव्हा मनात आलं ते आलंच: तिला पोटातलं मिळालंय ना, मग मांडीवरचं तरी माझं राहू द्या.

जनावरांच्या दवाखान्यात भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. त्यावर गरोदर बाई आणि मांजर शेजारी शेजारी काढलेत आणि मध्ये लाल फुली. तो तक्ता मला बरोबर आठवला. रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना मी अगदी काळजीच्या सुरात म्हटलं, "मांजराच्या विष्ठेतून एक जंतू येतो. डोळ्याला दिसत नाही. गरोदर बाईला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका असतो. मला काय, मी आपलं सांगायचं काम केलं."

माझा हिशेब साधा होता. मांजर वरून निघेल आणि खाली येईल. पण सासूबाईंनी घास खाली ठेवला आणि दिराला म्हणाल्या, "उद्याच्या उद्या पोत्यात घाल आणि नदीपलीकडे सोडून ये. या घरात ते मांजर नको. वर नको आणि खालीही नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. धाकटी रडायला लागली. मी रडले नाही, उठून ताटं गोळा करायला लागले.

सकाळी मी जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. ते हसले. "मांजर कशाला हाकलताय? ती वाळू रोजच्या रोज फेकली की बराचसा धोका गेला. विष्ठा पडल्या पडल्या त्यातला जंतू लागत नाही, तो तयार व्हायला निदान एक दिवस तरी जावा लागतो. शिळी वाळू वाईट. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजीही तितकीच वाईट. फक्त त्या बाईंनी ट्रेला हात लावायचा नाही. आणि त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून रक्त तपासून घ्या." मी सासूबाईंना फोन लावून डॉक्टरांच्याच हातात दिला. पोतं पुन्हा माळ्यावर गेलं.

रक्त तपासायला धाकटीबरोबर मी गेले. तिथे तिच्या दंडाला रबर बांधलेलं पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "माझंही तपासा." का, ते विचारू नका. तिच्यासाठी जे होतंय ते माझ्यासाठीही व्हायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवले. धाकटीला म्हणाल्या, "तुम्हाला हा संसर्ग कधीच झालेला नाही. म्हणजे आता झाला तर बाळापर्यंत जाऊ शकतो. जपायचं." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला मात्र पूर्वी कधीतरी होऊन गेलाय. साध्या तापासारखा आला असेल, कळलंही नसेल. आता तुमच्या रक्तातच त्याचा बंदोबस्त आहे. काळजी नको."

काळजी? मला तर सोन्याचं पदक मिळाल्यासारखं झालं. माझ्या रक्तात चिंधीची खूण होती आणि तिच्या रक्तात नव्हती! आता बोला, मांजर कुणाचं? मी तसं विचारलंसुद्धा, "म्हणजे माझ्याच मांजराकडून ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाजीतूनही आला असेल, मांसातूनही, सांगता येत नाही. मी त्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रिक्षात मी ताठ बसले होते.

घरी आल्यावर पदकाची दुसरी बाजू दिसली. सासूबाई म्हणाल्या, "मग तूच साफ कर की रोज. तुला तर काही होणार नाही."

झालं. मांजर तिच्या मांडीवर आणि मांजराची घाण माझ्या हातात. रोज सकाळी हातमोजे चढवून मी जिना चढायचे, वाळू उपसायची, पिशवीला गाठ मारायची, ट्रेवर उकळतं पाणी ओतायचं, नवी वाळू भरायची. धाकटी दारात उभी राहून काहीबाही विचारायची. कपडा कसा कापता, लहानपणी कुठे राहायचात, तुम्हाला गोड आवडतं का. मी "हो", "नाही", "बघू" एवढ्यात उरकायचे. चिंधी खिडकीत बसून आमच्या दोघींकडे बघत पंजा चाटायची. कोण बाई आणि कोण मोलकरीण, ते तिला चांगलं कळत होतं.

एका सकाळी धाकटी मऊ निळं कापड घेऊन पुढे आली. "ताई, राणीसाठी छोटी गादी शिवून द्याल? तुमच्या हाताची."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चिंध्यांच्या खोक्यात झोपणारीला आता गादी, आणि तीही मीच शिवायची! "बघू," म्हणाले आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. म्हटलं, सुटू दे वास. कळू दे, कुणावाचून अडतं ते. त्याच्या पुढच्या सकाळीही मी मुद्दाम मशीनवर बसून राहिले. सासूबाई डोळे तपासायला गेल्या होत्या, पुरुष कामावर. घरात आम्ही दोघीच.

आणि वरून खरखर ऐकू आली. प्लास्टिक फरशीवर ओढल्याची.

सुई कापडात तशीच रुतलेली सोडून मी उठले. परवाची वाळू. शिळी वाळू. तिच्या रक्तात बंदोबस्त नाही. जिना कसा चढले ते मला माहीत नाही, चपलाही खालीच राहिल्या.

धाकटी गॅलरीत उकिडवी बसली होती. नाकाला ओढणी, हात उघडे, बोटांना वाळू.

"ठेव! ठेव ते खाली!"

ती इतकी दचकली, की ट्रे हातातून सुटला. मी तिला मनगट धरून उठवलं आणि बेसिनपाशी ओढत नेलं. "तोंडाला हात लावलास?"

"नाही."

"डोळ्यांना? कपाळाला? खरं सांग!"

"नाही हो ताई. आत्ताच हात लावला होता."

मी नळ सोडला आणि कोपरापर्यंत तिचे हात घासायला लागले. साबण, पाणी, पुन्हा साबण. नखांखालून, मनगटाभोवती. "अक्कल आहे का तुला? एवढं सांगून ठेवलंय! पोटात कोण आहे, ते तरी आठवायचं!"

"वास यायला लागला होता. सासूबाई परत पोतं काढतील म्हणून भीती वाटली."

"मग हाक मारायची मला!"

"तुम्ही रागावला होतात." ती पाण्याकडे बघत बोलत होती. "आणि राणी गेली तर तुम्ही वर येणारच नाही."

"म्हणजे?"

"मी लग्न होऊन आले ना, तेव्हा दुपारी जिन्यात येऊन बसायचे. तुम्ही खाली तिच्याशी बोलायचात. किती बोलायचात! हसायचात, भांडायचात. माझ्याशी 'जेवलीस का'च्या पुढे एक शब्द नाही. मला मांजराचाच हेवा वाटायचा, ताई. म्हणून मासे घालून तिला वर आणलं. म्हटलं, तिला शोधत तरी याल."

नळ चालू होता. माझ्याकडे तिच्यासाठी कितीतरी झणझणीत वाक्यं तयार होती, रोज वाळू उपसताना जुळवलेली. त्यातलं एकही कामाचं उरलं नाही.

"बोटांच्या बेचक्यांतही साबण लाव," मी म्हटलं.

"लावते," धाकटी म्हणाली. "तुम्ही बोलत राहा."