लेन्स जोडलेली नाही

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. हे मला ठासून सांगावं लागतंय, कारण ज्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी मी सध्या बसलेय, त्याच्या मते मी नाहीच. तो चालू केला की पडद्यावर अक्षरं उमटतात, 'लेन्स जोडलेली नाही.' अरे, मी समोर ढळढळीत बसलेय! माझ्यातून आलेला उजेड घेतोस, माझ्या जिवावर चित्रं दाखवतोस, आणि वर म्हणतोस लेन्स नाही? या वयात असलं ऐकून घ्यायचं म्हणजे हद्द झाली.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे काच घासणाऱ्या माणसांना घाई माहीत नव्हती. एका बाईंनी माझ्या कड्यावर कोरलेल्या आकड्यांत बारीक सुईने रंग भरला, मीटरचे आकडे पांढरे आणि फुटांचे हिरवे. मला दोन कडी आहेत. एक अंतरासाठी, एक उजेडासाठी. माझ्यात ना तार, ना मोटर, ना बॅटरी. माणसाने बघायचं आणि माणसानेच फिरवायचं, एवढा सरळ कारभार.

समुद्र ओलांडून मी टास्मानियात आले आणि ह्यूऑन नदीकाठच्या व्हर्ना कार्टलेजच्या हाती लागले. व्हर्ना तेव्हा तरुण होती, सफरचंदं पॅक करायच्या शेडमध्ये काम करायची. तिच्या हातांना देठाचा वास यायचा. तिचा नवरा डेस कुऱ्हाडबाज. आमच्याकडे शेतकी शोमध्ये लाकूडतोडीच्या शर्यती लागतात. ओंडका उभा रोवायचा, आधी एका बाजूने घाव घालायचे, मग दुसऱ्या बाजूने. ज्याचा वरचा तुकडा आधी पडेल तो जिंकला. पण सगळे एकदम सुरू करत नाहीत. पंच मोठ्याने आकडे मोजतो. जो कच्चा, त्याचा आकडा लवकर येतो. जो पक्का, त्याला थांबावं लागतं. ऐन भरातला डेस इतका थांबायचा, की बाकीचे घामाघूम झालेले असायचे आणि हा कुऱ्हाडीवर हात ठेवून आरामात हनुवटी खाजवत उभा.

व्हर्ना दरवर्षी त्याचा एकच फोटो काढायची. वरचा तुकडा तुटलाय, पण अजून जमिनीला लागलेला नाही, तेवढ्यात. ओंडका स्पष्ट दिसेल असं कडं फिरवून ती मला आधीच लावून ठेवायची आणि वाट बघायची. एकदाही चुकली नाही. कुऱ्हाडवाल्यांच्या शेडमध्ये तिचे फोटो भिंतभर लागले. येणारेजाणारे म्हणायचे, "व्हर्ना, अगं कुऱ्हाडीची धार दिसतेय!" ती नुसतं नाक उडवायची. मी मात्र फुगून जायचे.

मग काय झालं, तर जुना कॅमेरा बिघडला. दुरुस्त करणारा दुकान बंद करून मेलबर्नला मुलीकडे गेला. मला दोन्ही बाजूंनी झाकणं लावून कपाटात ठेवलं, किटलीच्या लोकरी टोपीत गुंडाळून. किटलीच्या टोपीत! कपाट दमट. माझ्या एका काचेच्या कडेला बुरशीचा धागा फुटला आणि मी अंधारात बसून राहिले. त्याच काळात व्हर्नाच्या डोळ्यांना तो आजार लागला. नजरेच्या बरोबर मधोमध करडा डाग. कडेचं दिसतं, पण जिथे बघावं तेच दिसत नाही. माणसं ती चालीवरून आणि आवाजावरून ओळखू लागली.

मला बाहेर काढलं तिच्या नातीने, टेगनने. होबार्टला नोकरी करणारी, केस एका बाजूने भादरलेली, मनाने चांगली मुलगी. बोटभर रुंदीचं एक जोडकडं तिने माझ्या पाठीला लावलं आणि मला या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवलं. कॅमेऱ्याने काय म्हटलं ते तुम्हाला सांगितलंच. वर बटण दाबलं तरी फोटो काढायला तयार होईना. टेगन अर्धा दिवस त्याच्या पोटातल्या सेटिंगांत बोटं घालून शोधत बसली, तेव्हा कुठे 'लेन्स नसली तरी चालेल' अशी परवानगी सापडली. चालेल म्हणे! उपकारच झाले.

मला वाटलं, आता जुने दिवस परत येतील. कसले येतायत? टेगनला माझ्या उजेडाच्या कड्याचा एकच आकडा आवडतो, सगळ्यात उघडा. मग चहाचा कप काढला, तर कपाचा कान स्पष्ट आणि बाकी सगळं दूध सांडल्यासारखं. कुत्र्याचा फोटो काढला, तर नुसतं नाक. कुंपणाच्या तारेचे तर इतके फोटो काढले, की तारेलाही कंटाळा आला असेल. आणि मैत्रिणींना दाखवून म्हणते, "बघ ना, किती स्वप्नासारखं!" अगं बाई, मला बंद करायला पाती दिलीत, ती कशाला दिलीत? जरा मिटव की मला! पण सांगणार कोण? मी मुकी.

यंदा डेसचा खांदा पुरता गेला. डॉक्टरने सांगितलं, हा शो शेवटचा, मग कुऱ्हाड खुंटीला. त्या दिवशी व्हर्ना स्वयंपाकघरात टेगनला म्हणाली, "यंदाचा फोटो तू काढ. ह्याच लेन्सने काढ. भिंतीवर शेवटचा तो लागला पाहिजे."

"नॅन, तूच का नाही काढत?" टेगन आजीला नॅन म्हणते, आजोबांना पॉप.

"समोर काय चाललंय तेच दिसत नाही, तर बटण कधी दाबू? डोकं आहे का तुला?"

मग परसात सराव सुरू झाला. डेस ओंडक्यापुढे उभा, टेगन कॅमेरा धरून, व्हर्ना खुर्चीत. टेगन मला फिरवी, क्लिक करी, बघे, आणि तोंड वाकडं करी. एकूण एक फोटो फरफटलेला.

"नॅन, ही लेन्सच गेलीय. बुरशी लागलीय आतून."

"बुरशी तुझ्या अकलेला लागलीय. ती लेन्स धार दाखवायची, धार!"

"अगं, पण हे बघ ना."

"मी बघू? मी?" व्हर्ना म्हणाली, आणि टेगनने जीभ चावली.

"तुमचं भांडण उरकलं असेल तर सांगा," डेस ओंडक्यापासून ओरडला. "खांदा भाड्याने आणलेला नाही माझा."

"शोला मी माझी नवी लेन्स आणते," टेगन हळूच म्हणाली. "आपोआप लागते ती. उगीच धोका नको."

व्हर्ना मांडीवरचा टॉवेल घडी करून परत उलगडत बसली. माझा मात्र संताप संताप झाला. कारण मित्रांनो, चूक माझी नव्हतीच. हात हलला तर हा कॅमेरा आतल्या आत सावरून घेतो. किती सावरायचं, ते ठरवायला लेन्स किती लांबचं जवळ आणते, तो आकडा त्याला लागतो. नव्या लेन्सा आपला आकडा स्वतःच सांगतात. माझ्यासारखीचा आकडा माणसाने हाताने भरायचा. माझा पन्नास. पण टेगनने मागच्या आठवड्यात दुसरी एक लांबलचक म्हातारी लेन्स लावली होती, तिचा एकशे पस्तीस तसाच ठेवलेला. त्यामुळे हा शहाणा हात हलेल त्याच्या कितीतरी पट आतून धक्के देत होता आणि चित्र फरफटत होतं. दोष कुणाला? बुरशीला!

नशीब, टेगनला झोपण्याआधी बॅटरी तपासायची सवय आहे. बॅटरी तपासता तपासता तिची नजर त्या आकड्यावर गेली.

"शी! एकशे पस्तीस! नॅन, मी गाढव आहे!"

"ते मला माहीत आहे," पलीकडच्या खोलीतून व्हर्ना म्हणाली. "आज काय नवीन कळलं?"

शोचा दिवस उजाडला. उन्हात धूळ, सॉसेज भाजल्याचा वास, कुत्र्यांची भुंकाभुंक. डेसचा ओंडका दोरीच्या अगदी जवळ होता. टेगनने मला तीन पायांच्या घोडीवर बसवलं, चक्क एका शहाण्या आकड्यावर मिटवलं, आणि पडद्यावर ऊन पडू नये म्हणून स्वतःची टोपी धरली. ती मला ओंडक्यावर लावू लागली. हा नवा कॅमेरा एक करतो. जे स्पष्ट झालं, त्याच्या कडांवर लाल रेघा चमकवतो. मला त्या रेघांचा भारी राग. लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई कशाला हवी, डोळे नाहीत का माणसाला?

शेजारी बसलेली व्हर्ना मान तिरकी करून पडद्याकडे बघत होती. एकदम म्हणाली, "ते लाल काय हलतंय?"

टेगन थबकली. "तुला दिसतंय?"

"कडेने दिसतंय. लाल लाल काहीतरी."

टेगनने एक बटण दाबलं. चित्र मोठं झालं. आणखी दाबलं, आणखी मोठं झालं. ओंडक्याची साल पडदाभर पसरली. व्हर्ना पडद्याला जवळजवळ गाल लावून, तिरक्या डोळ्याने बघत राहिली. मग तिचा हात आपोआप माझ्या कड्यावर आला. किती वर्षांनी! तिने मला जरासं पुढे नेलं, जरासं मागे आणलं, आणि बरोबर जागी थांबवलं. मी त्या लाल रेघांना दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या.

"तूच काढ, नॅन," टेगन म्हणाली. "बटण इथे आहे."

पंचाने मोजायला सुरुवात केली. आता सगळ्यात आधीचा आकडा डेसचा होता. "हनुवटी खाजवायला पण वेळ नाही रे तुला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. डेस म्हणाला, "तुझीच खाजव," आणि कुऱ्हाड उचलली. त्याने पहिली बाजू बरी तोडली. मग वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला आला, तोंड आमच्याकडे. तोवर तरुण पोरांचे ओंडके धडाधड पडले. शर्यत संपली. डेसचा ओंडका उभाच होता. तो थांबला, कुऱ्हाडीवर टेकला, धापा टाकू लागला. बाकीच्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या आणि टाळ्या धरल्या. घरी कुणी गेलं नाही.

व्हर्नाने माझा रोख ओंडक्यावरून वर नेला आणि डेसच्या चेहऱ्यावर आणला. पडदाभर डेस. गालांच्या सुरकुत्या, भुवईतला घाम, पांढरी खुंटं.

त्याने परत घाव घालायला सुरुवात केली. एक, मग दम, मग दुसरा. ओंडका करकरला. आता! मी मनात ओरडले. अगं दाब, व्हर्ना! हाच तो क्षण, आयुष्यभर हेच तर केलंस! बाई, बटण! तिचं बोट बटणावर होतं आणि ते हलेना. वरचा तुकडा कलला, तुटला, धाडकन खाली आदळला. मैदान ओरडलं. आणि ही बाई पडद्याला गाल लावून बसलेली!

"मिळाला?" टेगनने विचारलं.

"नाही."

"नाही म्हणजे? नॅन!"

"दाबायचं राहिलं."

डेस टॉवेलने मान पुसत दोरीपाशी आला. "आला का शेवटचा? दाखव."

"पॉप, तिने काढलाच नाही," टेगन रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काढला नाही? अगं, खांदा निखळायचा बाकी होता माझा! एवढं एक काम होतं तुला!"

"केवढा म्हातारा झालास रे तू, डेस," व्हर्ना म्हणाली.

डेसचा मान पुसणारा हात थांबला.

"डाग आल्यापासून तुझा चेहरा दिसलाच नव्हता मला. नुसता आवाज आणि टोपी. आज सगळा दिसला. मग बटण कुठलं लक्षात राहतंय!"

"मग? कसा दिसतो?"

"भयंकर."

डेस हसायला लागला. हसता हसता त्याने टॉवेल डोळ्यांवर दाबून धरला. मग टोपी काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि माझ्या समोर ताठ उभा राहिला.

"बघ मग," तो म्हणाला. "घाई नाही मला. नीट बघून घे."

ती बघत राहिली. बटण तेव्हाही दाबलं नाही. टेगन बॅटरी संपतेय म्हणून कुरकुरत होती, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी तर काय, माझं कोण ऐकतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी कपाटात पडली असेल, तर तिला कोरड्या जागी ठेवा. वरचेवर उन्हात काढा, तिची कडी फिरवा, सदऱ्याच्या टोकाने काच पुसू नका. आणि एखादं म्हातारं माणूस तिला हातात घेऊन हळूहळू फिरवत बसलं, तर मागून 'झालं का, झालं का' करू नका. त्याला फिरवू द्या. ते कुणाला तरी शोधत असतं.