पिवळं फडकं

दाराच्या पॅनेलची शेवटची क्लिप कट्‌कन निघाली आणि कानसेनांनी पॅनेल अलगद उचलून भिंतीला टेकवलं. आत सगळं जसंच्या तसं होतं. गेल्याच शनिवारी त्यांनी या गाडीतले कंपनीचे पुठ्ठ्यासारखे स्पीकर काढून नवे बसवले होते आणि पत्रा थरथरू नये म्हणून आतून जाड काळं रबर चिकटवलं होतं. एकही वायर सैल नव्हती. कुठे चूक सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

“तरी टोचतंय,” बाई म्हणाल्या. गाडी त्यांची होती आणि त्या गाणं शिकवायच्या. “आवाज मोकळा आहे, भरदार आहे, सगळं आहे. पण अधूनमधून कानात सुई गेल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या गाडीला तुम्हीच सिस्टीम बसवली होतीत ना? ती कशी लोण्यासारखी होती!”

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शेजारच्या टायरवाल्यानं वीस वर्षांपूर्वी थट्टेनं ठेवलेलं हे नाव असं काही चिकटलं, की दुकानाच्या बोर्डावरचं नाव आता कुणाला आठवत नसे. इतर दुकानदार मोबाइलवर आलेख बघून गाडीतला आवाज जुळवत. कानसेन कानानं जुळवत. आलेख बघून आवाज लावायचा म्हणजे मीठ तोलून घालायचं, असं ते म्हणत. मग चव कोण घेणार, तराजू?

त्यांची पद्धत साधी होती. एका जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं संथ बासरीवादन त्यांच्या पेन ड्राइव्हवर होतं. त्यात बासरीच्या मागे, फार लांब, एक बारीक घंटी वाजायची. ती ऐकू येईपर्यंत ट्रेबल, म्हणजे बारीक आवाज, एकेक आकड्यानं वाढवायचा. घंटी आली की गाडी तयार.

आठवड्याभरात परत आलेली ही तिसरी गाडी. पहिल्या वेळी गिऱ्हाइकाचा कान नवखा आणि दुसऱ्या वेळी स्पीकरचा लॉट खराब, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती. पण बाईंच्या कानाला नवखा कोण म्हणणार? त्यात नेमकी बायको आठ दिवस थोरल्या बहिणीकडे गेलेली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. फोन, काउंटर, चहा, सगळं यांच्या एकट्याच्या गळ्यात. संकटं कधी एकेकटी येतात?

त्यांनी पेन ड्राइव्ह लावला आणि ट्रेबल शून्यावर आणला.

“बाई, यात मागे एक घंटी आहे. ऐकू आली की सांगा.”

“ही काय, वाजतेय की.”

“आत्ता?”

“कधीची!”

कानसेनांना नुसती बासरी ऐकू येत होती. त्यांनी आकडा वाढवला. एक, दोन, तीन. पाचवर बाईंचा चेहरा आक्रसला. सातवर त्यांनी चक्क कानांवर हात ठेवले, आणि तेव्हा कुठे ती ओळखीची घंटी कानसेनांपर्यंत आली.

“संध्याकाळी या,” ते म्हणाले. “करून ठेवतो.”

बाई गेल्यावर ते पॅनेल लावायचं सोडून स्टुलावर बसून राहिले. तीस वर्षं ज्या कानांवर घर चाललं, ते कान दगा देत होते, आणि कानांनी तसं सांगितलंसुद्धा नव्हतं. हे बाहेर कळलं तर दुकानात राहतं काय? स्पीकर तर कुणीही बसवतो. त्यांना भीती वाटली.

दुपारी बायको आली. पिशवी काउंटरखाली सरकवून तिनं पंखा लावला.

“ताईंचं कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“छान दिसायला लागलंय. आता घरातली धूळ दिसतेय, म्हणून सकाळपासून मलाच ऐकवतेय.” तिनं भिंतीला टेकवलेल्या पॅनेलकडे बघितलं. “ही गाडी शनिवारी गेली होती म्हणालात ना फोनवर?”

“हं.”

“मग परत?”

“असंच. वायर बघायची होती.”

ती त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “जेवलात का?”

पॅनेल बसवून झाल्यावर कानसेन गाडीत जाऊन बसले. बाईंची घंटी शून्यावर, त्यांची सातवर. मधल्या कुठल्या आकड्यावर थांबायचं हे सांगणारं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. अंदाजानं लावायचं म्हणजे लबाडी, आणि कानानं लावायचं म्हणजे हे असं. शेवटी त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. सातवर ठेवून ते बाहेर आले.

“गाडी झाली गं,” त्यांनी सवयीनं हाक मारली आणि हात धुवायला बेसिनशी गेले.

आरशात मागची गाडी दिसत होती. बायको पिवळं फडकं घेऊन आली. गाडी द्यायच्या आधी डॅशबोर्ड पुसायचं काम तिचं, आणि या दुकानातून गाडी चकाचक होऊन येते याचं लोकांना कोण कौतुक! आवाज माझा आणि नाव फडक्याचं, असं म्हणून कानसेन तिला चिडवत. आत्ताही तिनं डॅशबोर्ड पुसला, स्क्रीन पुसली. मग दार ओढून घेतलं, काचा वर केल्या आणि फडकं मांडीवर ठेवलं. तिचं बोट स्क्रीनवर गेलं. मान किंचित कलली. ती तशीच थांबली, मग बोट पुन्हा एकदा स्क्रीनवर टेकलं.

गाडीतून उतरून तिनं फडकं खिळ्याला अडकवलं आणि ती आत फोन घ्यायला गेली.

कानसेनांच्या हातावर साबणाचा फेस तसाच होता. तो पँटला पुसत ते गाडीत बसले. स्क्रीनवर आकडा होता दोन.

हे फडकं दुकानात कधी आलं, ते आठवू लागले. चार वर्षांपूर्वी एक डॉक्टर गाडी परत घेऊन आले होते. कर्कश वाटतं म्हणाले होते. कानसेनांनी त्यांना हसून वाटेला लावलं होतं. त्याच आठवड्यात बायकोनं बाजारातून हे पिवळं फडकं आणलं होतं.

आधी त्यांना राग आला. चार वर्षं आपल्याच दुकानात आपल्याला खुळ्यात काढलं! मग त्यांच्या लक्षात आलं, की चार वर्षांत एकदाही, कडाक्याच्या भांडणातसुद्धा, ती यातलं अवाक्षर बोलली नव्हती. आणि भांडणात ती काही शिल्लक ठेवणारी बाई नव्हे. त्यांचा राग तिथंच विरला. डोळे भरून आले, म्हणून ते काचा वर असलेल्या गाडीत थोडा वेळ बसून राहिले.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी स्वतःचं एक गाणं लावलं आणि डोळे मिटले.

“हं! आता कसं!” त्या म्हणाल्या. “उगाच नाही तुम्हाला कानसेन म्हणत. काय केलंत?”

काउंटरवर बायको खाली मान घालून पावती लिहीत होती.

“काही नाही,” कानसेन म्हणाले. “जरा पुसून घेतलं.”

बायकोचं पेन थांबलं. तिनं मान मात्र वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरवाल्याच्या मेव्हण्याची गाडी होती. स्पीकर बसले, वायरी झाकल्या गेल्या. कानसेनांनी पेन ड्राइव्ह लावला आणि चालकाच्या सीटवरून सरकून ते शेजारच्या सीटवर बसले.

“अगं, ये गं. डॅशबोर्ड पुसायचाय.”

“आत्ताच?” ती दारातून म्हणाली. “अहो, तुमचं लावून व्हायचंय ना अजून?”

“माझं झालं.”

खिळ्यावरच्या फडक्याकडे गेलेला हात तिनं तसाच मागे घेतला, आणि रिकाम्या हातानं येऊन ती स्टिअरिंगसमोर बसली. दार लावून घेतलं.

कानसेनांनी आकडा शून्यावर आणला, बासरी सुरू केली, आणि घंटी केव्हा येते ते कळावं म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.