तीनदा पडलेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे. सध्या मुक्काम एका मठाच्या विहिरीत, गाळाच्या तळाशी. माझी पाती गंजून एकमेकींना चिकटली आहेत, आता मला कोणी उघडू म्हटले तरी मी उघडणार नाही. मित्रांनो, तरीही माझे ऐका. एका राणीचे राणीपण एकदा माझ्यावर अडले होते.

द्रिना नदीकाठच्या एका लोहाराने मला नांगराच्या मोडक्या फाळातून घडवले. त्याची मुलगी संन्यासिनी झाली, तेव्हा त्याने मला तिच्या मठाला देऊन टाकले. तिथे एक रीत होती. संन्यास घेणाऱ्या बाईचे केस कापण्याआधी धर्मगुरू मला फरशीवर टाकत आणि म्हणत, "उचल आणि मला दे." असे तीनदा. तिन्ही वेळा तिने स्वतःच्या हाताने उचलून दिले, तरच तो संन्यास खरा. तिच्यावर बळजबरी झालेली नाही, हे देवाला दिसावे म्हणून ही रीत होती.

पडून पडून माझे टोक वाकले, पण मला त्याचा अभिमान वाटे. मठाची थोरली आई एव्प्राक्सिया मला अक्रोडाचे तेल लावी आणि म्हणे, "ही आमची खरी राखणदार. मनात नाही तिला ही आत येऊ देत नाही." मीही भोळी, ते खरे मानून बसले.

मग एका हिवाळ्यात राणी देसान्काला आणले. तिला मूल झाले नव्हते. राजा ब्रातोस्लावने दुसरी मुलगी ठरवली होती, वऱ्हाडसुद्धा निघाले होते, पण पहिली बायको असताना कोणी लग्न लावीना. बायको संन्यासिनी झाली, की पहिले लग्न आपोआप सुटते. म्हणून सरदार ग्रुबेशा तिला घेऊन आला होता. तिच्यासोबत रादुन्या होती. या म्हाताऱ्या दासीने देसान्काला अंगाखांद्यावर वाढवले होते.

धर्मगुरू पाखोमींनी मला टाकले. मी खणखणत तिच्या पायाशी गेले.

"उचल आणि मला दे."

राणी हलली नाही.

"राणीसाहेब, उचला आता," ग्रुबेशा म्हणाला. "आमचे पाय गारठले."

"मग घरी जा. मी कुठे बोलावलं होतं तुम्हाला?"

"राजेसाहेबांचा हुकूम आहे."

"हुकूम असेल तर त्यांनाच वाकू द्या. ही जमिनीवर आहे तोवर मी त्यांची बायको आहे, एवढं मला कळतं."

मी मनोमन तिच्या बाजूची झाले. दुपार सरली, मेणबत्त्या बुडाशी आल्या, तरी मी फरशीवरच होते. लोखंडालाही आशा असते, हे मला त्या दिवशी कळले.

मग ग्रुबेशाने दार उघडायला लावले. त्याने रादुन्याचे जोडे काढून घेतले आणि तिला अंगणात बर्फात उभे केले.

"तुम्हाला कसलीच बळजबरी नाही बरं का, राणीसाहेब," तो म्हणाला. "हवा तेवढा वेळ घ्या."

"पोरी, तू वाकू नकोस," रादुन्या बाहेरून ओरडली. "माझे पाय तसेही कामाचे राहिले नाहीत."

थोरल्या आईने धर्मगुरूंकडे पाहिले. धर्मगुरूंनी ग्रंथाकडे पाहिले.

रादुन्या खाली बसली. पुन्हा उठता येईना, तेव्हा राणी वाकली. तिची बोटे माझ्याभोवती आली, ती माझ्याहून थंड होती. तिने मला तीनदा उचलले.

"आपखुशीनं आलीस ना?" पाखोमींनी रीतीप्रमाणे विचारले.

राणी दाराबाहेर बघत होती. "आपखुशीनं," ती म्हणाली. "आता तिला आत घ्या."

मी तिचे केस कापले. मला नाही म्हणता आले नाही. त्या रविवारी राजाच्या लग्नाच्या घंटा मठापर्यंत ऐकू आल्या. रादुन्याच्या पायांची बोटे गेली, आणि पुढे ती जगली तोवर देसान्का तिला पाठीवर घेऊन प्रार्थनेला नेई.

कित्येक हिवाळे गेले. थोरली आई वारली, माझे तेल बंद झाले. एके सकाळी पुन्हा ग्रुबेशा आला, आता पिकलेल्या दाढीचा. सोबत राजाची दुसरी राणी होती. तिलाही मूल झाले नव्हते. ती रडून रडून सुजली होती.

पाखोमींनी मला टाकले. त्यांनी "उचल" म्हणण्याआधीच संन्यासिनींच्या रांगेतून देसान्का पुढे आली आणि तिने माझ्यावर पाय ठेवला.

"बाजूला हो, बाई," ग्रुबेशा म्हणाला.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, हवा तेवढा वेळ घ्या? घेते आहे."

मग तिने मला उचलले, अंगणात नेले आणि विहिरीत सोडले. मला राग आला नाही. पाणी अंगावर मिटले तेव्हा वाटले, चला, सुटली ती पोर.

दुसऱ्या दिवशी पाणी शेंदायला आलेल्या बायका बोलत होत्या. ग्रुबेशाने गोठ्यातून मेंढ्या कातरायची कात्री मागवली होती. नव्या राणीने ती उचलली, तीनदा. देसान्का तिच्याशेजारी उभी होती. तिने तिचा हात धरला होता, एवढेच तिला करता आले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कात्र्या पुसून ठेवा, तेल द्या, पावसात टाकू नका. पण माझी खरी विनवणी निराळी आहे. कोणी तुमच्यासमोर "आपखुशीनं" असे म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. म्हणताना त्या माणसाची नजर कुठे आहे ते पाहा, आणि उठून दाराबाहेर डोकावून या.